वाजला तरी उघडायचा नाही असा डबा

"हात रिकामे करा!"

हे मी गेल्या आठवड्यात माझ्या रूममेटला म्हटलं आणि ती घास तसाच धरून माझ्याकडं बघत बसली. मी धारवाडला हॉस्टेलवर असते. ती जेवता जेवता फोन बघत होती आणि माझ्या तोंडातनं एकदम त्रिशलामामी बाहेर पडली. आवाजसुद्धा तिचाच, थोडा नाकातला, शेवटचा 'करा' दाबून. रूममेट म्हणाली, कोण गं ही मामी? मी सांगायला बसले ते संपेचना. म्हणून म्हटलं लिहूनच काढावं. भरभर लिहितेय, चुका झाल्या तर असू देत.

त्रिशलामामी म्हणजे माझ्या मधल्या मामांची बायको. निपाणीपासून टेम्पोनं वीस-पंचवीस मिनिटं आत गेलं की माझं आजोळ. सतरा माणसं, चार म्हशी, तंबाखू, ऊस, आणि घराच्या मागं एक जुनी तंबाखूची वखार. वखार रिकामी होती पण वास गेला नव्हता. नवीन माणूस आत आला की पहिली पाच मिनिटं नुसता शिंकतो. ती वखार म्हणजे मामीची शाळा. मी तेरा वर्षांची असताना तिथं आले. बाबांची बदली लांब झालती, आई बेळगावात दिवसभर नोकरीवर, म्हणून मला 'थोडे दिवस' आजोळी ठेवलं. थोडे दिवस म्हणजे दोन वर्षं! घरातली सात पोरं आणि मी आठवी.

मामी दिसायला कशी, तर आज ती माझ्या खांद्याला लागते. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, पदराच्या टोकाला खडू बांधलेला. चालायची अशी की मागनं जाताना आम्हाला पळावं लागायचं. घड्याळ तिला लागायचंच नाही. वखारीच्या कौलात एक फट होती, तिच्यातनं उन्हाची तिरीप भिंतीवर पडायची. तिरीप कुठल्या विटेवर आली ते बघून मामी म्हणायची, "गणित बास, आता कन्नड." फुटक्या विटेवर आली की जेवायला उठायचं. हिवाळ्यात तिरीप दुसरीकडंच जायची, मग ती आम्हालाच सांगायची, "का सरकली? बघून सांगा."

"बघून सांग" हे तिचं दुसरं वाक्य. मामी स्वतः नववीपर्यंत शिकलेली. पुढं लग्न. आणि ती हे लपवायची नाही. आम्ही काही विचारलं की सरळ म्हणायची, "मला न्हाय येत. तू बघून सांग, मला पण कळू दे." (आमच्या भागात बायकासुद्धा 'मी येतो, मी जातो' म्हणतात, त्यामुळं मामी पुढं 'मी सांगतो' म्हणाली तर दचकू नका.) मग त्या पोरानं पुस्तक, शब्दकोश, गावातले मास्तर, काय वाट्टेल ते धुंडाळायचं आणि मामीला शिकवायचं. ती समोर पोत्यावर मांडी घालून बसायची आणि असले प्रश्न विचारायची की घाम फुटायचा. अपूर्णांकांचा भागाकार मी तिला तीन दिवस शिकवत होते. "उलटा का करायचा? कुणी सांगितलं उलटा करायला?" तिसऱ्या दिवशी भाकरी मोडून दाखवली तेव्हा तिला पटलं. आणि तेव्हाच मलाही पहिल्यांदा कळलं की उलटा का करायचा!

पण शाळा सुरू कशी झाली ते राहिलंच. हे मी पाहिलं नाही, पण त्या घरात ते इतक्यांदा सांगितलं जायचं की मला पाहिल्यासारखं वाटतं. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद, म्हणून घरात फोन आले. अभ्यासासाठी! सात पोरं सात कोपऱ्यात. एक दिवस दुपारी चंद्री म्हैस व्याली. रेडकू आडवं आलं होतं. मामी आणि थोरली मामी दोघी गोठ्यात झटत होत्या, आणि मामी ओरडत होती, "कोणतरी या रं, गरम पाणी आणा!" कोण हललं नाही. सगळ्यांच्या कानात ती इअरफोनची बोंडं. रेडकू वाचलं, चंद्री पण वाचली. मामी हात धुऊन आत आली, कोपऱ्यातला गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा उचलला, सगळ्यांच्या पुढ्यात धरला आणि म्हणाली, "हात रिकामे करा."

त्या दिवशी सूर्य बुडायच्या आत डब्याचं झाकण लागलं.

आता हे समजायला पाहिजे की ते जैनाचं घर. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, रात्री चूल पेटत नाही. म्हणजे संध्याकाळ मोकळी. इतर घरांत बायका रात्री दहापर्यंत ओट्याशी असतात, इथं सातलाच भांडी पालथी. मामी म्हणायची, "एवढा वेळ देवानं फुकट दिलाय, आणि आपण तो असा बोटानं सरकवून घालवाय लागलोय." तर तिनं नियम केला: जेवणं झाली की सगळे फोन डब्यात, दुसऱ्या दिवशी सकाळी धारा काढून होईपर्यंत. मोठ्यांचेसुद्धा. मामांचेसुद्धा! आणि सहलीचा दिवस असला तर दिवसभर.

पुढं शाळा उघडल्या, पिवळी बस परत दारात यायला लागली. सकाळी सातला पोरं नेणार, संध्याकाळी आणून टाकणार, आली की जेवण आणि आडवी. मामी दोन महिने बघत राहिली आणि मग आप्पांपुढं, म्हणजे माझ्या आजोबांपुढं, जाऊन उभी राहिली.

"आप्पा, पोरास्नी मी घरात शिकवतो."

आप्पा अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. "तू? कितवी गं तू?"

"नववी."

"आणि पद्मीला दहावी कोण शिकवणार?"

पद्मी म्हणजे पद्मश्री, थोरल्या मामांची मुलगी, पोरांतली सगळ्यात मोठी. मामी म्हणाली, "पद्मीच मला शिकवील. बाहेरनं परीक्षा देता येती, मी चौकशी केलती बेळगावात."

आप्पांनी सुपारी तोंडात टाकली. मग अट घातली. पद्मी दहावी पास झाली पाहिजे, जूनच्या आत. झाली तर सगळी पोरं तुझ्याकडं. नाही झाली तर सगळी बसमध्ये, आणि परत हा विषय काढायचा नाही. "साकू!" म्हणाले. साकू म्हणजे कन्नडमध्ये बास. आप्पा साकू म्हणाले की त्या घरात पुढं कोणी काही बोलत नसे.

मामी म्हणाली, "चालतंय."

एवढंच! घासाघीस नाही, 'जरा वेळ द्या' नाही. थोरली मामी मात्र रडली होती म्हणे. पोरगी तिची होती, पणाला जावेनं लावली होती.

मी आले तेव्हा हे सगळं लागू झालेलं होतं. पहिल्या संध्याकाळी माझ्यासमोर डबा आला आणि मी म्हटलं, "मामी, आईचा फोन येईल." मामी म्हणाली, "आईला जेवायच्या आधी कर. पोटभर बोल. मग हात रिकामे." मी रागानं फोन टाकला. डबा पत्र्याचा, त्यात फोन टाकला की 'ठण्ण' आवाज यायचा, आणि आतला एखादा वाजायला लागला की अख्खा डबा जमिनीवर थरथरत सरकायचा. पण उघडायचा नाही. आप्पांनी एकदा उघडला होता. त्यांचा स्वतःचा फोन नव्हता, पण मॅच होती, आणि मधल्या मामांच्या फोनवर स्कोअर बघायला ते हळूच झाकण काढत होते. मामीनं बघितलं.

"आप्पा, काय करताय?"

"बघत होतो... वाजला बहुतेक."

"वाजू दे की. वाजला तरी उघडायचा न्हाय. तुम्हीच उघडला तर पोरास्नी काय सांगू मी?"

सासऱ्याला असं बोललेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. आप्पांनी झाकण लावलं आणि अंगणात निघून गेले. आम्ही तोंडात पदर, ओढणी, जे हाताला लागेल ते कोंबून हसलो. आप्पांनी ते मनाला लावून घेतलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. लई नंतर.

आणि सहली! महिन्यातनं एक. मामी म्हणायची, "पुस्तकात जे वाचलंय ते कुठंतरी असतंय. जाऊन बघा." सहल म्हणजे हॉटेल-बिटेल काही नाही, टेम्पोत सतरंजी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. कंग्राळीला माझ्या आत्याचं भाताचं शेत आहे, तिथं लावणीला नेलं होतं आम्हाला. तासभर चिखलात, आणि सगळ्यांत धाकटा धनू, मामीचाच मुलगा, पहिल्या पाच मिनिटांत उताणा पडला. आत्या म्हणाली, "शाळेतनं आलाय व्हय रं?" धनू चिखलातनं म्हणाला, "शाळेतच आहे मी!"

पण चार म्हशी असलेल्या घरातनं सगळे कधीच जाऊ शकत नाहीत. सकाळ-संध्याकाळ धार काढायला कोणतरी मागं राहिलंच पाहिजे. म्हणून वखारीच्या दारावर खडूनं पाळी लिहिलेली असायची, या महिन्यात कोण थांबणार. मामीनं ती फार न्यायानं लावली होती, मोठ्या माणसांत आळीपाळीनं. मग आदल्या दिवशी काय व्हायचं, थोरल्या मामीचे गुडघे दुखतायत पण तिला माहेरच्या वाटेवरचं मंदिर बघायचंय, धाकटी मामी कधी बाहेरच पडली नाही... मामी पुसायची आणि स्वतःचं नाव लिहायची. आम्ही टेम्पोतनं हात हलवायचो. ती शेणाचे हात वर करून ओरडायची, "डोळे उघडे ठेवून जावा! आल्यावर मला सांगायचंय!" आणि आल्यावर खरंच सांगायला लागायचं, प्रत्येकाला, संध्याकाळी, सविस्तर. आम्ही कुठं गेलो ते तिला इतकं ऐकून ऐकून माहीत असायचं की मला कितीतरी महिने वाटत होतं, ती आमच्याबरोबरच होती.

पद्मी तोपर्यंत तयार झालती. खरंच सांगते, पद्मीसारखी अभ्यास करणारी मी कॉलेजात पण बघितली नाही. विज्ञानाचं प्रॅक्टिकल शनिवारी होतं, बेळगावच्या सेंटरवर. त्याच आठवड्यात बुधवारी सहल ठरली, लोंढ्याला. मोठ्यांतली दोघं-तिघं म्हणाली, परीक्षा झाल्यावर जाऊया. मामी म्हणाली, "डोकं तापलंय तिचं, एक दिवस वारा लागू दे." तर पद्मी म्हणाली, "काकू, तू येत असलीस तर येतो. तू न्हाय तर मी पण न्हाय."

काकू म्हणजे मामीच; ती म्हणाली पाळी माझी आहे. पद्मीनं उठून दारावरचं नाव पुसलं आणि आप्पांकडं बघितलं. आप्पा म्हणाले, "लिही माझं. धार काढायला मी काय विसरलोय व्हय?"

मामी आली! तिला एवढं खूश मी कधी बघितलं नव्हतं. पहाटेच पेन्सिल खोचून तयार. टेम्पोनं बेळगाव, स्टेशनवर साडेनऊला पोहोचलो, तिथनं पॅसेंजरनं लोंढा. लोंढा का, तर तिथं तीन दिशांचे रूळ येऊन मिळतात. मामीनं प्रत्येकाला काम दिलं होतं: प्लॅटफॉर्मवरच्या एका अनोळखी माणसाला विचारायचं, कुठनं आलात, कुठं चाललात, आणि त्याची वाट वहीत काढायची. मला एक गोव्याकडची मासळीवाली मिळाली. पद्मीनं एका म्हाताऱ्या गँगमनला पकडलं, तो तिला रुळांचे सांधे कसे बदलतात ते दाखवत बसला. मामी? मामी पुलावर उभी होती. गाडी आली की या कठड्याकडनं त्या कठड्याकडं पळायची, शेवटचा डबा दिसेपर्यंत. मग खाली येऊन म्हणाली, "एवढं लांब असतंय व्हय सगळं."

घरी पोहोचलो तेव्हा सूर्य बुडायला आला होता. मामीनं जेवण गरम करायच्या आधी डबा उघडला.

तिच्या फोनवर सेंटरचे सात मिस्ड कॉल. आणि मेसेज: प्रॅक्टिकल शनिवारऐवजी आजच घेतोय, दुपारी दोनला हजर राहा. पहिला कॉल सकाळी नऊ वाजताचा.

साडेनऊला आम्ही बेळगाव स्टेशनवर होतो. तिथनं सेंटर रिक्षानं दहा मिनिटं!

त्या संध्याकाळी ताटं वाढलेली तशीच राहिली. सूर्य गेला, मग जेवायचं नाहीच. थोरल्या मामीनं ताट बाजूला सारलं. मग बोलली. "माझ्या पोरीचं वर्ष घातलंस तू. तुझ्या डब्यापायी." मामी खाली मान घालून उभी. कोणी मध्ये पडेना. आणि मग आप्पा, दारात उभे, कोणाकडंही न बघता म्हणाले,

"डबा वाजत होता."

सगळ्यांनी डब्याकडं बघितलं.

"सकाळपासनं वाजत होता. सात वेळा वाजला. सरकत सरकत माझ्या खाटंपातुर आला. मी बघत बसलो." आप्पांचा आवाज बारीक झाला होता. "उघडला असता तर सेंटरवाल्यास्नी सांगितलं असतं, पोरगी स्टेशनावर हाय. उघडला न्हाय मी. म्हटलं, वाजला तरी उघडायचा न्हाय."

थोरल्या मामीनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं आता मामी रडणार. ती रडली नाही. म्हणाली, "तुमचं काय चुकलं आप्पा? नियम पाळला तुम्ही. चुकलं माझं." डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "मी रोज उघडत होतो. तुम्ही सगळी झोपायला गेला की, सहलीला गेला की. एक नजर टाकून परत लावत होतो. म्हणून इतके दिवस काय चुकलं न्हाय. आज मीच घरात नव्हतो."

म्हणजे बघा ना! अख्ख्या घराला सांगायची उघडायचा नाही, आणि स्वतः मात्र गुपचूप सगळ्यांची राखण करत बसायची. दर सहलीला मागं राहायची त्यात हे पण होतं. मी दुसऱ्या दिवशी वखारीच्या दारावर पुसलेले खडूचे डाग निरखत बसले होते. एकावर एक नावं, आणि जवळजवळ प्रत्येक महिन्यापुढं शेवटी तिचंच.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ती पद्मीला घेऊन सेंटरवर गेली. दुपारपर्यंत बाकावर बसून राहिल्या. तिथले सर चांगले होते पण म्हणाले, यादी वर गेली, आता ऑक्टोबरातच. पद्मीनं बाकीचे पेपर दिले, सगळ्यात चांगले मार्क. पण निकालाच्या कागदावर विज्ञानापुढं रिकामं. पास नाही.

मे संपत आला तेव्हा मधले मामा आप्पांशी बोलले, अहो आप्पा, पोरगी हुशार आहे हे तर दिसतंय, अट जरा सैल करा. आणि मला वाटतं आप्पा करणार होते. त्यांना त्या डब्याचं लई लागलं होतं. ते म्हणालेसुद्धा, "त्रिशला, तूच सांग काय करायचं."

मामी म्हणाली, "तुम्ही नियम पाळला न्हवं? डबा खाटंपातुर आला तरी पाळला. मग मी पण पाळतो. जूनमधी बस येऊ दे."

आणि बस आली. सात डबे... जेवणाचे डबे म्हणतेय मी... पहाटे उठून तिनंच भरले. सात पोरांच्या सात वह्यांना कव्हरं तिनंच घातली. सकाळी दारात उभी राहून प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि बस वळल्यावर आत गेली. मागच्या खिडकीतनं मला दिसलं, वखारीचं दार उघडंच होतं. कारण पद्मी घरात होती. मामीची शाळा बंद झालीच नव्हती, एका पोरीची झालती. थोरली मामी रोज सकाळी दहाला दोघींना ताक नेऊन द्यायची. बोलायची नाही. पण ताक द्यायची. श्रावणात बोलायला लागली.

संध्याकाळचा डबा तसाच चालू. शाळेतनं आलो तरी हात रिकामे! मी एकदा चिडून म्हटलं, "आता काय उपयोग मामी? शाळा तर गेली." ती भांडी पुसत होती. म्हणाली, "शाळा गेली, संध्याकाळ कुठं गेली?"

ऑक्टोबरात पद्मीचं प्रॅक्टिकल झालं. त्या दिवशी मामी फोन मुठीत धरून सेंटरच्या फाटकाबाहेर उभी होती, सकाळी आठपासनं! निकाल लागला, पद्मी पास. थोरल्या मामीनं पेढे आणले आणि पहिला मामीच्या तोंडात कोंबला, इतका मोठा की तिला बोलता येईना, आणि मग दोघी एकदम रडल्या.

आप्पा म्हणाले, "चल, आण पोरं परत. अट पुरी झाली. उशिरा झाली, पण झाली."

आता कोणीही म्हणेल, मामीनं त्याच दिवशी बस बंद केली असेल. नाही. तिनं एकेकाला वखारीत बोलावलं, एकटं. पोत्यावर बसवलं. "खरं सांग. इथं शिकायचंय का शाळेत? मला बरं वाटावं म्हणून बोलू नको." मला विचारायचं कारण नव्हतं, मार्चनंतर मी बेळगावला जाणारच होते, तरी मला पण बोलावलं. मी म्हटलं, मामी मला वखार. ती हसली, "जाणार म्हणून गोड बोलती व्हय."

मी सोडून चौघं परत आली. दोघांना बसच पाहिजे होती. त्यातला एक धनू. तिचा स्वतःचा. तो म्हणाला, "आई, तिथं माझे दोस्त हायत. आणि ग्राउंड हाय." मी दाराबाहेर होते, ऐकू आलं मला. मामीनं भिंतीकडं बघितलं. तिरीप फुटक्या विटेवर आली होती. मग म्हणाली, "बरं." संध्याकाळी, सगळे फोन डब्यात गेल्यावर, ती धनूच्या दप्तराचा तुटलेला पट्टा शिवत बसली होती. जाड सुई, दुहेरी दोरा. इतका घट्ट शिवला की तो पट्टा अजून आहे, दप्तर बदललं तरी.

डब्याचा नियम मात्र बदलला. डबा राहिला. पण म्हशींसाठी जो मागं थांबेल, त्यानं डब्याजवळ थांबायचं, आणि वाजला तर उघडायचा. फक्त त्यानंच. आणि दारावरची पाळी आता आप्पा लिहितात. खडूनं नाही. रंगानं! पुसताच येत नाही.

आता शेवटचं. हल्लीचंच, डिसेंबरातलं. मी सुट्टीत दोन दिवस गेलते. सहल होती, आंबोलीच्या घाटानं वेंगुर्ल्याला, समुद्र बघायला. सात पोरं, शाळेत जाणारी पण आणि न जाणारी पण, रविवार होता ना. पद्मी आता बारावीला, तिची परीक्षा परत दोन-तीन महिन्यांवर. मी टेम्पोत चढायला गेले तर पुढ्यात डबा. "हात रिकामे कर." मी म्हटलं, "मामी, मी आता कॉलेजात आहे!" "मग? कॉलेजात हात वेगळे असत्यात?"

ठण्ण.

मामी सगळ्यांत शेवटी चढली, मागच्या फळीशी बसली. सत्तेचाळीस वर्षांची बाई, समुद्र कधी बघितलेला नाही. नवीन साडी, अंबाड्यात पेन्सिल. आप्पा अंगणात खाट टाकून बसलेले, डबा त्यांच्या पायाशी.

"आप्पा, वाजला तर उघडा हां!"

"उघडतो म्हटलं न्हवं! किती वेळा सांगशील? जावा आता."

टेम्पो हलला. फाटकाबाहेर निघतोय तोच अंगणातनं तो आवाज आला. पत्र्याचा, थरथरणारा. मामी ताडकन उठली. एक पाय फळीच्या बाहेर, एक हात वरच्या दांडीला, टेम्पो अजून चालता, आणि ती अशी अर्धी बाहेर लोंबकळत मागं बघत होती. आम्ही सगळी "काकू, काकू!" "मामी, बस की!" म्हणून ओरडत होतो. तिला काही ऐकू येत नव्हतं. तिकडं आप्पा वाकले. झाकण निघेना, मग निघालं. फोन काढला, लांब धरला, कानाला लावला, ऐकलं. मामी दांडी धरून उभीच. मग आप्पांनी फोन खाली घेतला आणि दुसरा हात वर केला, पंजा उघडा, दोनदा हलवला. काही नाही. जावा.

मामीनं पाय आत घेतला. बसली. आणि मग, तोंड फिरवून, पुढं बघायला लागली.